गोडाऊन वाढले, पण रजिस्टर?



गेल्या गळीत हंगामात, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका रात्री आपल्या वजनकाट्यावर पावणेदोन तास संगणकाची पावती निघाली नाही. त्या वेळी यार्डात गाड्या घेऊन उभे असलेल्यांना हे ठाऊकच आहे. मात्र दुसऱ्या दिवशी गावोगाव ज्या वार्ता पसरल्या त्या ऐकून आम्ही संगणक विभागातील माणसे चकित झालो. कोणी म्हणे व्हायरस शिरला, कोणी म्हणे पंधरवड्याची सगळी वजने पुसली गेली. नायगाव गटात तर लावणीच्या तारखाच उडाल्या, आता तोडणीचा क्रम नव्याने लागणार, अशी आवई उठली होती. खरे काय घडले ते एकदा सविस्तर लिहावे, अशी सूचना पत्रिकेच्या संपादक मंडळाने केली, म्हणून हा लेख. विषय थोडा यंत्राचा आहे, परंतु यात समजण्यास अवघड असे काही नाही. ज्याने साखरेचे गोडाऊन पाहिले आहे त्याला हे सारे समजेल.

रात्री साडेनऊला काट्यावरून फोन आला. "सायेब, काटा वजन दाखवायलाय, पण पावती निघंना. पडद्यावर इंग्रजीत काय तरी येऊन ऱ्हायलंय." मी वाचून दाखवायला सांगितले. "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस." म्हणजे ठेवायला जागा उरली नाही.

काटा स्वतः चालू होता, कारण वजन दाखवणारा भाग संगणकावर अवलंबून नाही. म्हणून पहिले काम हे केले की हातपावतीची बुके काढली आणि कार्बन घालून पावत्या लिहायला सांगितल्या. त्या रात्री अशा ४१ हातपावत्या झाल्या. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटच्या बाहेर गेली होती. तोडलेला ऊस जितका उभा राहील तितका वाळतो, वजन घटते, उताराही घटतो, हे सभासदांना सांगायला नको. शिवाय तीन दिवसांनी पंधरवड्याचे बिल काढायचे होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, न दिल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. बिलाचा सगळा हिशेब त्याच यंत्रात, त्याच डिस्कवर. तेव्हा आमची झोप का उडाली ते लक्षात यावे.

आपला मुख्य संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो लिनक्स या प्रणालीवर चालतो. लिनक्स ही युनिक्सच्या घराण्यातली. युनिक्सचा जन्म अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्या कामातली दोन मोठी नावे. लिनक्सचा आरंभ १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केला. हे घराणे आपल्याकडे परके राहिलेले नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये उभा केलेला परम १०००० हा महासंगणकही सोलारिस या युनिक्स प्रणालीवर चालत असे. आपले काम अर्थातच त्यामानाने किरकोळ. ऊसनोंद, तोडणी प्रोग्रॅम, वजन, बिल, कपात, शेअर्स. पण ज्याचा ऊस त्याला ते किरकोळ नसते.

गोडाऊन आणि त्याचे रजिस्टर

डिस्क म्हणजे गोडाऊनची इमारत. इमारत असली म्हणजे साखर ठेवता येते असे नाही. कोणत्या खणात कोणती थप्पी, कोणत्या दिवशीच्या उत्पादनाची, किती पोत्यांची, हे लिहिणारे रजिस्टर लागते. रजिस्टर नसेल तर गोडाऊन कीपरला शंभर थप्प्यांतून नेमकी एक काढता येणार नाही. संगणकात या रजिस्टरला आणि त्याच्या सगळ्या रीतींना मिळून फाईल सिस्टीम म्हणतात. डिस्कचे बारीक बारीक खण पाडलेले असतात, बहुधा ४ किलोबाइटचा एक. रजिस्टरच्या पहिल्या पानावर, ज्याला सुपरब्लॉक म्हणतात, एकूण खण किती आणि रिकामे किती हे लिहिलेले असते. पुढे प्रत्येक फाईलसाठी एक खातेपान असते, त्याला आयनोड म्हणतात. फाईल कोणाची, केवढी, कोणकोणत्या खणांत ठेवली आहे, हे त्या पानावर. गंमत अशी की फाईलचे नाव त्या पानावर नसते. नाव वेगळ्या यादीत असते आणि नावापुढे फक्त पानाचा नंबर असतो.

ही गंमत त्या रात्री आमच्या अंगाशी आली.

वजनाच्या आणि नोंदीच्या माहितीला आम्ही २०० जीबी जागा दिलेली होती. त्यातील ५ टक्के, म्हणजे १० जीबी, ही फाईल सिस्टीम स्वतःच मुख्य चालकासाठी राखून ठेवते, रोजच्या कामाला १९० उरतात. डीएफ नावाची आज्ञा दिली की किती भरले ते कळते. त्या रात्री डीएफने सांगितले, १९० पैकी १९० भरले. मग डीयू ही दुसरी आज्ञा दिली. ती प्रत्येक फाईल मोजून बेरीज देते. बेरीज आली १५३. म्हणजे ३७ जीबी भरलेले दिसते, पण कोणत्याही फाईलच्या नावावर नाही!

त्याचा उलगडा व्हायला मला अर्धा तास लागला, आणि उलगडा झाल्यावर मान खाली घालावी लागली. त्याच दिवशी दुपारी तीनला जागा ९२ टक्के भरलेली मी पाहिली होती. शोधले तर एक लॉग फाईल, म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी, फुगून २२ जीबीची झालेली. गट कार्यालयांशी जोडणी सारखी तुटत होती आणि प्रत्येक तुटीची नोंद हजारो ओळींनी होत होती. मी ती फाईल पुसली आणि दुसऱ्या कामाला लागलो. पुसल्यावर जागा खरोखर मोकळी झाली का, हे पाहिले नाही. युनिक्समध्ये फाईल पुसणे म्हणजे यादीतून नाव काढणे. पण एखादा प्रोग्रॅम ती फाईल उघडून बसला असेल तर तिचे खण सुटत नाहीत. हजेरीपटावरून नाव काढले, पण माणूस क्वार्टर सोडून गेलेला नाही, असा प्रकार. तो प्रोग्रॅम त्या बिननावाच्या फाईलमध्ये रात्रीपर्यंत लिहीतच राहिला आणि २२ ची ३७ झाली.

प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला आणि ३७ जीबी एका क्षणात मोकळे झाले. सव्वाअकराला काट्यावर छापील पावती निघाली. हातपावत्या पहाटेपर्यंत कारकून मंडळींनी एकेक करून संगणकात भरल्या आणि शेतकी खात्याच्या माणसाने त्या मूळ बुकाशी ताडून पाहिल्या.

इथे थांबता आले असते. पण हंगामाचे ऐंशीएक दिवस शिल्लक होते. पूर्वी नोंद म्हणजे चार ओळी असत. आता प्लॉटचा नकाशा, मोबाईलवर काढलेला फोटो, जागेचा अक्षांश-रेखांश हे सारे नोंदीबरोबर येते. दिवसाला सरासरी ७०० एमबी भर पडत होती. ऐंशी दिवसांचे ५६ जीबी होतात आणि हातात होते ३७. तेव्हा जागा वाढवणे भाग होते, आणि तीही काटा चालू ठेवून.

बांध फोडायचा कसा

युनिक्सच्या पहिल्या काळात हे काम फार कष्टाचे होते. फाईल सिस्टीम तयार करतानाच तिचा आकार ठरवावा लागे आणि एकदा ठरला की ठरला. वाढवायची झाली तर सगळा माल चुंबकीय टेपवर उतरवायचा, जुने रजिस्टर फाडून मोठ्या जागेवर नवे मांडायचे आणि टेपवरून माल परत भरायचा. मधल्या वेळात काम बंद. टेप खराब निघाली तर काय, हा विचार त्या माणसांनी कसा सोसला असेल कोणास ठाऊक.

मोठा फरक दोन गोष्टींनी पडला. एक, बर्कले विद्यापीठात मार्शल मॅकुसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत जी नवी फाईल सिस्टीम केली तिच्यात एकच लांबलचक रजिस्टर न ठेवता डिस्कचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला त्याची त्याची खातेपाने दिली. आपल्या कारखान्यात सगळ्या सभासदांचे एकच रजिस्टर न ठेवता गटवार कार्यालये केली तसे. गट पाडलेले असले की पुढे शेवटी आणखी गट जोडता येतात, जुन्यांना हात लावावा लागत नाही. लिनक्सवरची ईएक्सटी२, जी १९९३ मध्ये आली, आणि तिच्या पुढच्या ईएक्सटी३ व ईएक्सटी४ या पिढ्या याच चालीच्या.

दुसरी गोष्ट बांधांची. डिस्कचे जे भाग पाडतात त्यांना पार्टिशन म्हणतात. पार्टिशन म्हणजे शेताचा बांध. तुमचे शेत वाढवायचे तर लागून असलेले शेत रिकामे हवे. ते दुसऱ्याचे असेल तर गावाच्या दुसऱ्या टोकाला पन्नास एकर पडीक असून तुम्हाला उपयोग नाही. यावर तोड निघाली ती व्हॉल्यूम मॅनेजर नावाच्या मधल्या कारभाऱ्याची. आयबीएमने १९९० मध्ये आपल्या एआयएक्स या युनिक्सबरोबर असा कारभारी दिला आणि चालू फाईल सिस्टीम जागच्या जागी वाढवण्याची सोयही दिली. लिनक्ससाठी हे काम जर्मनीच्या हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ मध्ये सुरू केले, त्याला एलव्हीएम म्हणतात. यात सगळ्या डिस्का एका गटात जमा करायच्या आणि त्यांचे सारखे छोटे तुकडे पाडायचे, बहुधा ४ एमबीचा एक. तो त्याचा गुंठा समजा. कोणाला १०० जीबी द्यायचे म्हणजे २५ हजार ६०० गुंठे द्यायचे. ते कुठून कुठून आले याची घेणाऱ्याला पर्वा नाही. त्याला सलग शेतच दिसते. जमिनीच्या बाबतीत १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याला इतक्या वर्षांत जे पुरते साधले नाही ते इथे एका आज्ञेत होते. अर्थात इथे भावकी नाही.

आपला सर्व्हर बसवताना एका जाणत्या माणसाने मला एकच गोष्ट बजावली होती, की सगळी जमीन पहिल्याच दिवशी वाटून टाकू नकोस. त्याप्रमाणे गटात १६० जीबी कोणालाच न देता ठेवलेले होते. तेव्हा त्या आळसाबद्दल मला बोलणी बसली होती. त्या रात्री तेच उपयोगी पडले. नवी डिस्क मागवून ती नांदेडहून येण्याची वाट पाहावी लागली नाही.

मग रात्रीच का वाढवले नाही? हा प्रश्न मला कार्यकारी संचालक साहेबांनीही विचारला. "दोन आज्ञांचे काम आहे म्हणता, मग करून टाका की." त्यांचे बरोबर होते, दोनच आज्ञा होत्या. पण वाढवण्याआधी माहितीची दुसरी प्रत हातात हवी, हा नियम. वीज जाते, यूपीएस दगा देतो, आज्ञा लिहिताना एक अक्षर चुकते. रजिस्टर बदलण्याच्या नेमक्या क्षणी असे काही झाले तर पोती शाबूत राहूनही कोणते कोणाचे ते कळणार नाही. म्हणून मी आधी बॅकअप पाहायला गेलो.

रोज रात्री नऊला बॅकअप होतो. यादी पाहिली तर रोजच्या तारखेची फाईल हजर. तारीख बरोबर, नाव बरोबर. सवयीने तिथेच समाधान मानले असते, पण दुपारची चूक ताजी होती म्हणून आकार पाहिला. शेवटच्या चार रात्रींच्या फाईली अवघ्या काही किलोबाइटच्या होत्या, एरवी त्या १८ जीबीच्या आसपास असतात. झाले असे होते की बॅकअपचा प्रोग्रॅम आधी त्याच डिस्कवर प्रत तयार करी आणि मग बाहेरच्या डिस्कवर नेई. २० जीबी मोकळे नसतील तर तो काम सोडून देई आणि तसे आपल्या रोजनिशीत लिहूनही ठेवी. ती रोजनिशी कोणी वाचत नव्हते. रिकामी फाईल मात्र रोज तयार होत होती. म्हणजे चार दिवसांचे वजन, ऐन हंगामातले, एकाच ठिकाणी होते. त्याच अवस्थेत मी गडबडीने जागा वाढवायला गेलो असतो आणि काही वेडेवाकडे झाले असते, तर गावोगाव उठलेली आवई खरी ठरली असती.

आपल्या सर्व्हरमध्ये दोन डिस्का जोडीने चालतात, एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते. मग भीती कसली, असे काही जण विचारतात. एक डिस्क मेली तर दुसरी आहे, हे खरे. पण चुकीची आज्ञा दोन्हीवर एकाच वेळी उमटते. कार्बन खाली चुकीचा आकडाही तितक्याच ठळकपणे उमटतो, तसे.

मध्यरात्री बाहेरची डिस्क जोडून थेट तिच्यावर प्रत काढायला लावली. एक तास चाळीस मिनिटे लागली. प्रत झाली म्हणजे बॅकअप झाला असेही नव्हे. ती दुसरीकडे उघडून पाहिली पाहिजे. कार्यालयातल्या एका जुन्या यंत्रावर ती भरली आणि नायगाव गटातील एका गावाच्या त्या पंधरवड्याच्या सगळ्या पावत्या काढून मूळ यंत्राशी ताडल्या. संख्या जुळली, टनेज जुळले. तेव्हा कुठे सकाळी आठला, पाळी बदलताना, आम्ही वाढवायला बसलो.

पहिली आज्ञा एलव्हीएक्स्टेंड. कारभाऱ्याला सांगितले की या खात्याला आणखी १०० जीबी दे. दोन सेकंदांत झाले. शेजारी बसलेल्या कारकुनाने उत्साहाने डीएफ मारून पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. "सर, काहीच वाढलं नाही. तेवढंच दाखवतंय."

इथेच पुष्कळ जण घाबरतात आणि नको ते करून बसतात. वास्तविक काहीच बिघडलेले नसते. गोडाऊनची भिंत पाडून शेजारची खोली जोडली, पण रजिस्टरच्या पहिल्या पानावर जुनाच आकडा आहे. गोडाऊन कीपर रजिस्टर पाहतो, भिंत नव्हे. तो सांगणारच की जागा नाही. म्हणून दुसरी आज्ञा लागते, रिसाइज-टू-एफएस. ती पहिले पान बदलते, नव्या जागेत नवे गट आखते, त्यांची खातेपाने मांडते. कामात असलेल्या फाईल सिस्टीमवर हे करण्याची सोय लिनक्समध्ये २००४ च्या अखेरीस आली, त्यापूर्वी यंत्र कामातून काढावे लागे. त्यासाठी फाईल सिस्टीम तयार होतानाच रजिस्टरच्या सुरुवातीला काही कोरी पाने राखून ठेवतात, मूळ आकाराच्या १०२४ पटीपर्यंत वाढ सामावेल इतकी. खेड्यात घर बांधताना पुढे माळा चढवायचा म्हणून स्लॅबच्या वर कॉलमच्या सळया सोडून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. हिला मर्यादाही आहे. खणांचे नंबर जुन्या ३२ अंकी पद्धतीचे असतील तर १६ टेराबाइटच्या पुढे जाता येत नाही. आपल्याला ती चिंता नाही.

ही आज्ञा अर्धा मिनिट चालली. त्या अर्ध्या मिनिटात काट्यावर एक ट्रॅक्टर वजन करून गेला, त्याची पावती नेहमीसारखी निघाली. पुन्हा डीएफ. ३०० जीबी, त्यातले १५ राखीव, २८५ पैकी १५४ भरलेले, ५४ टक्के. उरलेले ६० जीबी आम्ही पुन्हा कोणालाच न देता ठेवले आहेत. आता त्याबद्दल कोणी बोलत नाही.

वाढवणे सोपे, कमी करणे अवघड

ज्या सोसायट्यांमध्ये, दूध संघांमध्ये किंवा शाळांमध्ये आपले सभासद वा त्यांची मुले हे काम करतात, त्यांच्यासाठी दोन शब्द जास्त लिहितो.

वाढवताना आधी भिंत, मग रजिस्टर. कमी करताना क्रम बरोबर उलटा. आधी रजिस्टर लहान करायचे, म्हणजे शेवटच्या खणांतला माल अलीकडे सरकतो, आणि मगच भिंत अलीकडे घ्यायची. भिंत आधी घेतली तर पलीकडची पोती गेलीच. रजिस्टरमध्ये ती आहेत असे लिहिलेले असेल आणि हात घालावा तर तिथे दुसऱ्याचे शेत. ईएक्सटी४ लहान करायची तर ती कामातून काढून ठेवावी लागते. एक्सएफएस नावाची दुसरी एक फाईल सिस्टीम आहे. ती सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची, १९९४ ची, मोठ्या फाईलींना उत्तम आणि आता लिनक्सवर सर्रास वापरात. तिची वाढवण्याची आज्ञा वेगळी आहे, एक्सएफएस-ग्रोएफएस. पण ती लहान करता येत नाही असेच धरून चालावे. तेव्हा कोणती आहे ते पाहिल्याखेरीज आज्ञा देऊ नये. एकाची आज्ञा दुसरीला चालत नाही. सुदैवाने चुकीची दिली तर बहुधा ती नकार देऊन थांबते.

आणि कधी कधी जागा असूनही "जागा नाही" असे येते. तेव्हा खातेपाने संपलेली असतात. ईएक्सटी४ मध्ये साधारणपणे दर १६ किलोबाइटला एक पान या हिशेबाने पाने सुरुवातीलाच मोजून दिलेली असतात. आपल्या २०० जीबीला १ कोटी ३१ लाखांच्या वर पाने होती, म्हणून आपल्याकडे हे झाले नाही. पण बारीक बारीक फाईलींचा ढीग जिथे साठतो तिथे हे होते. डीएफला आय हे अक्षर जोडून विचारले की पाने किती उरली ते कळते.

हे सगळे आपल्यापुरतेच आहे असे मात्र नाही. वारणानगरला १९९८ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने कोल्हापूर-सांगलीकडील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे काढली गेली. ऊसनोंद, तोडणीची चिठ्ठी, बिलाची माहिती सभासदाला गावातच मिळावी, असा हेतू. सहकारी साखर कारखान्यांच्या दुनियेत त्या प्रयोगाची मोठी चर्चा झाली. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन शाखेने तिथल्या काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलवर संदेश पाठवून तीच माहिती देऊन पाहिली, आणि ते स्वस्त व सोयीचे ठरले. गावातला पडदा बदलला, मोठा होता तो हाताच्या तळव्याएवढा झाला. पण ज्या गोडाऊनमधून ती माहिती येते ते कारखान्याच्या ठिकाणी असते, आणि ते दरवर्षी भरतच जाते. त्याकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण त्याचे उद्घाटन होत नसते.

त्या घटनेनंतर आठवड्याने नायगाव गटातील एक वयस्कर सभासद, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, नरसीहून एसटीने कारखान्यावर आले. फेटा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सायेब, कम्प्युटर भरला म्हंतेत. भरला म्हंजे नेमकं काय झालं? माजी लावणीची तारीख तर गेली न्हाई त्यात?"

मी त्यांना वर लिहिले ते सगळे गोडाऊनच्या भाषेत सांगितले. मामांनी शांतपणे ऐकले. मग विचारले, "म्हंजे तुमी आदी नीट मोजलं न्हाई, आन् जागा कमी पडली म्हनून वरडले." यावर मला उत्तर नव्हते. त्यांची नोंद काढून दाखवली. को ८६०३२, पूर्वहंगामी, लावण १४ नोव्हेंबर, क्षेत्र दोन एकर दहा गुंठे. तारीख जागेवर होती. त्यांनी खिशातून गट कार्यालयाची जुनी पावती काढली, चष्मा लावला, दोन्ही ताडून पाहिले. क्षेत्रात पाच गुंठ्यांचा फरक निघाला! पावतीवर दोन एकर पंधरा गुंठे. डिस्कशी याचा काही संबंध नव्हता, नोंद करतानाच आकडा चुकला होता. शेतकी खात्याने दुसऱ्या दिवशी प्लॉटवर जाऊन मोजून तो दुरुस्त केला. मामा गेले नसते तर कोणाच्या लक्षात आले नसते.

हंगाम संपल्यावर मिल हाऊस आणि बॉयलरच्या दुरुस्तीबरोबर आमच्या विभागातही ऑफ-सीझनची कामे निघाली. लॉग फाईल आता एक जीबीच्या वर गेली की आपोआप गुंडाळली जाते. जागा ८० टक्के भरली की माझ्यासह तिघांच्या मोबाईलवर संदेश येतो. बॅकअप थेट बाहेरच्या डिस्कवर होतो, त्याची एक प्रत दर शनिवारी नायगाव गट कार्यालयातील कपाटात जाते, आणि महिन्यातून एकदा ती उघडून एका गावाच्या पावत्या ताडून पाहतो. हातपावतीची बुके मात्र काट्यावर तशीच ठेवली आहेत, ती काढायची नाहीत असे ठरले आहे.

चालू वर्षाच्या ऊसनोंदीची छापील यादी गटवार लावण्याचे काम सुरू आहे. नायगाव गटाची यादी गट कार्यालयात लागली आहे. सभासदांनी येताना आपली नोंदीची पावती बरोबर आणावी. लावणीची तारीख, जात आणि क्षेत्र हे तिन्ही आकडे ताडून पाहावेत आणि फरक असल्यास तिथल्या रजिस्टरमध्ये तो लिहून सही करावी. हे रजिस्टर कागदाचे आहे.

— संगणक विभाग